गरम झाली की लांब सेल्फ: जुन्या कॉमन रेल डिझेलमधल्या इंजेक्टर-दोषाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०१० सालची, १.३ लिटरची चार सिलिंडर कॉमन रेल डिझेल हॅचबॅक. मीटरवर पावणेदोन लाखांच्या पुढे किलोमीटर. मालक पाटण तालुक्यातले शेतकरी, साठीच्या अलीकडे-पलीकडे. गॅरेजमध्ये सगळे त्यांना आबा म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत, गाडीची कंपनी आणि मॉडेलही मुद्दाम लिहिलेलं नाही. रोजचा रस्ता पाटण ते कराड. अधूनमधून मुलीकडे चिपळूणला जाणं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच.

पुढचं समजायला या इंजिनाची एक गोष्ट आधी माहीत हवी. जुन्या डिझेलमध्ये पंप प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या पाइपातून डिझेल ढकलायचा आणि त्या दाबानेच नोझल उघडायचं. कॉमन रेलमध्ये दोन्ही कामांची वाटणी झाली. पंप सतत एका रेलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक जाड नळीत, दाब भरत राहतो आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, विजेने ठरवतं. प्रवासी गाडीत ही पद्धत पहिल्यांदा १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये आली आणि पुढच्या दहाएक वर्षांत आपल्याकडच्या हॅचबॅकपर्यंत पोचली. या पिढीच्या इंजिनांत पूर्ण लोडला रेलमधला दाब १,४०० ते १,६०० बारपर्यंत जातो, आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, अडीचशे-तीनशेच्या घरात असतो. दाब तयार करणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा. त्यामुळे दाब कमी दिसला की दोष तयार करणाऱ्यात आहे की वापरणाऱ्यात, हे आधी सोडवावं लागतं. या प्रकरणातला सगळा घोळ इथेच होता.

तक्रार

आबांनी तक्रार सांगितली ती अशी : “मिस्त्री, सकाळी अर्ध्या सेल्फला उठती. पण कोयनानगरला च्या प्यायला थांबलो, की परत लावताना जीव खाती. ढाब्यावरची पोरं धक्का मारू का विचारत्यात.”

या दोन वाक्यांत निम्मं निदान आहे. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर थांबवून पुन्हा लावताना त्रास. बाकीच्या तक्रारी विचारल्यावर निघाल्या : आयडलला टकटक, घाटात काळा धूर, पिकअप मंद आणि लिटरला वीसच्या आसपास असलेलं अ‍ॅव्हरेज सोळावर आलेलं.

आमच्याकडे येईपर्यंत नवी बॅटरी बसली होती, डिझेल फिल्टर बदलून झाला होता, चारही हीटर प्लग बदलले होते आणि कोणीतरी टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओतली होती. हीटर प्लग का बदलले ते कळलं नाही. त्यांचं काम थंड इंजिनाला. ही गाडी तर थंड असतानाच नीट उठत होती. शेवटी एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, पी ००८७ हा कोड निघाला आणि चार नवे इंजेक्टर अधिक हाय प्रेशर पंप असं अंदाजपत्रक हातात आलं. रक्कम गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या पुढे. आबा खरं तर गाडी विकावी का, हे विचारायला आले होते.

पी ००८७ एवढंच सांगतो की रेलमधला दाब हवा तेवढा नाही. टाकीतली जाळी तुंबली, पाइपात हवा शिरली, फिल्टर बसला, टाकीतला पंप दमला, मीटरिंग व्हॉल्व्ह अडकला, हाय प्रेशर पंप झिजला, रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह गळला, इंजेक्टर मागे डिझेल सोडू लागला, यांपैकी काहीही झालं तरी तोच कोड येतो. त्यावरून पंप आणि चार इंजेक्टर एकदम लिहिणं म्हणजे ताप आला म्हणून सगळी औषधं चालू करणं.

स्वस्त तपासण्या आधी

पहिल्यांदा जे काही न उघडता बघता येतं ते बघितलं. फिल्टरकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या जागी थोडा पारदर्शक पाइप लावला. बुडबुडे नाहीत, म्हणजे हवा शिरत नाही. टाकीतल्या पंपाचा दाब मॅन्युअलप्रमाणे. फिल्टरच्या तळातून डिझेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं. सकाळी बाटलीच्या बुडाशी पाण्याचा गोल थेंब आणि त्याभोवती विटकरी पूड.

आबांना विचारल्यावर लगेच उलगडलं. ट्रॅक्टरसाठी घरी लोखंडी बॅरलमध्ये डिझेल असतं, गाडीतही बरेचदा तेच जातं. ट्रॅक्टरचा जुना पंप असलं डिझेल कुरकुर न करता पचवतो. कॉमन रेलच्या इंजेक्टरमध्ये सरकणाऱ्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. तिथे गंजाची पूड आणि पाणी पोचलं की झीज सुरू झालीच. पावसाळ्यात पाटणच्या हवेत अर्धं रिकामं बॅरल आतून घामेजतं, ते वेगळंच.

मग वायरिंग. इंजेक्टरच्या सर्किटचे कोड, म्हणजे पी ०२०१ ते ०२०४, एकही नव्हता. मल्टिमीटरने कॉइलचा रोध बघायची पद्धत आहे, पण या सोलेनॉइड इंजेक्टरचा रोध अर्ध्या ओहमच्याही आत असतो. मीटरच्या वायरीच तेवढा दाखवतात. कॉइल तुटली आहे किंवा शॉर्ट आहे एवढं त्यावरून कळतं, चांगली-वाईट ठरवता येत नाही. इंजिन चालू असताना त्या कनेक्टरला हात लावू नये, उघडताना तिथे साठ-सत्तर व्होल्टच्या पुढचा झटका जातो.

गरम इंजिन उठत नसेल तर आणखी एक नेहमीचा संशयित असतो, क्रँक सेन्सर. गरम झाला की तो सिग्नल द्यायचं बंद करतो. पण सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम व्यवस्थित दिसत होते, म्हणून तो सुटला.

दुसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा चिकट थर साचला होता आणि कान जवळ नेला की बारीक फसफस ऐकू येत होती. तांब्याचा वॉशर गळत होता. गाडीतल्या टकटकीचं एक कारण सापडलं असं वाटलं, पण गरम स्टार्टिंगशी त्याचा संबंध लागत नव्हता.

निर्णयाचं पहिलं वळण : चाचणी थंड इंजिनावर की गरम

इंजेक्टर मागे किती डिझेल सोडतो ते मोजायची चाचणी सोपी आहे. चारही रिटर्न पाइप काढायचे, प्रत्येकाला खुणा केलेली नळी लावायची, इंजिन थोडा वेळ आयडलला ठेवायचं आणि कोणत्या नळीत किती जमा झालं ते बघायचं. एखादा बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट सोडत असेल तर तो संशयित.

सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चाचणी घेतली. तिसऱ्याच्या नळीत बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त होतं, पण दोषी ठरवावा इतकं नाही. बऱ्याच ठिकाणी तपास इथेच संपतो. इंजेक्टर ठीक, दाब तर कमी, म्हणजे पंप गेला! कागदावर हा तर्क बरोबर दिसतो.

आमच्याकडच्या पोराने तेच सुचवलं. पण आबांची तक्रार थंड इंजिनाची नव्हतीच. जी अवस्था गाडीला त्रास देते, तिच्यात चाचणी घेतलेलीच नव्हती. म्हणून आबांनाच गाडी चालवायला लावून मल्हारपेठच्या रस्त्याला नेऊन आणली, इंजिन पूर्ण गरम केलं, आणि आबांच्या चहाइतका वेळ बंद करून ठेवलं. हे बंद ठेवणं महत्त्वाचं. चालू इंजिनात डिझेल वाहत राहून इंजेक्टर थोडे थंड ठेवतं, बंद केल्यावर हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या ज्या झाकणात ते बसलेले असतात त्याची, सगळी उष्णता त्यांच्यात चढते.

मग स्कॅनरवर रेल प्रेशर लावून सेल्फ मारला. दाब नव्वद, एकशेवीस, एकशेचाळीस असा रांगत चढला. अशा इंजिनांत साधारण २०० बारच्या आसपास दाब जमल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. दोनशे ओलांडल्यावर गाडी उठली, तोवर ढाब्यावरची पोरं धक्का मारायला आली असती.

पुढच्या खेपेला चारही इंजेक्टरचे कनेक्टर काढले आणि रिटर्नला नळ्या लावून गरम इंजिनावर काही सेकंद सेल्फ मारला. कनेक्टर काढल्यावर इंजेक्टरचा व्हॉल्व्ह उघडतच नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये येईल ती निव्वळ गळती. एक, दोन आणि चारच्या नळ्यांच्या तळाला ओल तेवढी होती. तिसऱ्या नळीत डिझेल धार धरून चढलं.

कारण सरळ आहे. इंजेक्टरच्या वरच्या भागात एक बारीक गोळी बैठकीवर बसून मागची वाट बंद ठेवते. बैठक झिजली की गळती सुरू होते. थंड डिझेल जाडसर असतं, झिजलेल्या बैठकीवरही बऱ्यापैकी अडतं. गरम डिझेल पातळ होतं आणि त्याच फटीतून पळतं. आयडलला पंप ती गळती भरून काढतो. सेल्फवर इंजिन अडीचशेच्या आसपास आरपीएमने फिरतं, तेवढ्या वेगात पंपाला ते झेपत नाही. म्हणून सकाळी ठीक आणि चहानंतर बंद.

दुसरं वळण : पंपाला निर्दोष कसं ठरवायचं

तिसरा गळतो हे सिद्ध झालं, पण पंप चांगला आहे हे नाही. दोघेही अर्धे-अर्धे दोषी असू शकतात. आधीच्या अंदाजपत्रकात पंप होता, त्यामुळे आबांना त्याचं स्वच्छ उत्तर हवं होतं.

तिसऱ्याचा हाय प्रेशर पाइप रेलकडून काढला आणि रेलचं ते तोंड बंद करायला तिथे डमी नट लावला. तिसऱ्याचा कनेक्टरही काढून ठेवला. इंजिन पुन्हा गरम करून, बंद ठेवून सेल्फ मारला. दाब झटक्यात तीनशेच्या पुढे गेला आणि गाडी तीन सिलिंडरवर थरथरत पण पहिल्याच सेल्फला उठली. एवढी ताकद झिजलेल्या पंपात नसते. पंप यादीतून गेला आणि अंदाजपत्रकातली सर्वांत मोठी रक्कमही.

इथे एक सांगितलंच पाहिजे. जुन्या डिझेलवर काम केलेल्या मिस्त्रींना चालू इंजिनात एकेक नट ढिला करून मिसिंग शोधायची सवय असते. कॉमन रेलवर हे करायचं नाही. इंजिन बंद करा, स्कॅनरवर रेलचा दाब शून्याला आलेला बघा, थोडं थांबा, मग पान्याला हात घाला. गळती बोट फिरवूनही शोधायची नाही. इतक्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आतून हात सडू शकतो. अशी धार लागली तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठायचा.

पर्याय

पर्याय मांडण्याआधी हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन घेतलं. चारही २४ ते २६ बारच्या दरम्यान. इंजिनातच दम नसता तर इंजेक्टरवर पैसा घालायला आम्हीच नको म्हटलं असतं.

चार नवे इंजेक्टर टाकणं सर्वांत निर्धास्त, पण या वयाच्या गाडीवर तो खर्च कोणी करू नये. जुन्या बाजारातून एक इंजेक्टर आणून तिसऱ्याच्या जागी लावणं सर्वांत स्वस्त, पण तो कोणत्या गाडीतून आला, कोणतं डिझेल प्यायला, हे कोणालाच माहीत नसतं. डिझेल लॅबच्या चाचणी-बेंचवर न तपासता तो लावणं म्हणजे लॉटरी. आणखी एक क्लीनरची बाटली हाही पर्याय आबांनी विचारला. क्लीनरने नोझलच्या टोकावरचा कार्बन काही प्रमाणात जातो, झिजलेली बैठक भरून येत नाही.

उरला डिझेल लॅबचा पर्याय : बेंचवर तपासून जो खराब आहे त्याचा व्हॉल्व्ह आणि नोझल बदलून घेणं. पण एकच काढायचा की चारही, यावर गॅरेजमध्ये खरी चर्चा झाली.

एकच काढावा म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनदार होता. इतकी वर्षं हेडमध्ये बसलेला इंजेक्टर कार्बनने जाम झालेला असतो. काढताना तुटला तर हेड उतरवावं लागतं. चालत्या गाड्याच्या चाकाला कशाला हात लावा? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की रिटर्नची चाचणी फक्त वरचा व्हॉल्व्ह तपासते, खालचं नोझल फवारा कसा मारतं ते सांगतच नाही. आयडलची टकटक आणि काळा धूर यांचा हिशोब अजून लागलेला नव्हता. स्कॅनरवर दुसऱ्या सिलिंडरचं करेक्शनही बाकीच्यांपेक्षा वर होतं, म्हणजे ईसीयू त्याला जास्त डिझेल देऊन बाकीच्यांच्या बरोबरीला आणत होतं. वॉशरसाठी दुसरा काढायचाच होता. दोन निघाले तर चारही निघतील आणि आबांना पुढच्या दोन-तीन वर्षांचं चित्र मिळेल, या विचाराने चारही काढायचे ठरले. तुटण्याची शक्यता आबांना आधी स्पष्ट सांगितली. ते म्हणाले, “काढा. अर्धवट उपचार नगं.”

काम

इंजेक्टर बसतात त्या हेडमधल्या विहिरींत गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवलं, सकाळी इंजिन कोमट करून काढायला घेतले. एक, तीन आणि चार निघाले. दुसरा, ज्याचा वॉशर गळत होता, तोच हट्टाला पेटला. पुन्हा तेल, पुन्हा वाट बघणं, मग स्लाइड हॅमरने हळूहळू. इथे घाई केली असती तर प्रकरण वेगळं लिहावं लागलं असतं.

लॅबच्या रिपोर्टात तिसऱ्याचं रिटर्न मर्यादेच्या कितीतरी बाहेर, बैठक झिजलेली. दुसऱ्याचं रिटर्न ठीक, पण पायलट फवाऱ्याचं प्रमाण जवळजवळ नाहीच आणि नोझलच्या टोकाला थेंब लटकत होता. मुख्य फवाऱ्याआधी ईसीयू एक-दोन घन मिलिमीटर डिझेलचा छोटा फवारा मारतं, म्हणजे जळण हळुवार सुरू होतं. तो चुकला की इंजिन जुन्या डिझेलसारखं टकटकतं. टकटकीचं मुख्य कारण वॉशर नसून हे होतं. एक आणि चार मर्यादेत निघाले.

तिसऱ्याचा व्हॉल्व्ह आणि नोझल, दुसऱ्याचं नोझल बदललं. एक आणि चार फक्त साफ केले. ते परत येईपर्यंत टाकी उतरवून धुतली, पाइप साफ केले, नवा फिल्टर घातला. हा क्रम उलटा झाला तर दुरुस्त इंजेक्टर पहिल्याच टाकीत पुन्हा गंज पितात.

बसवताना हेडमधल्या बैठका साफ केल्या, तांब्याचे वॉशर चारही नवे आणि मूळ जाडीचेच. जाडी बदलली की नोझलचं टोक सिलिंडरमध्ये वर-खाली होतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. क्लँप टॉर्क पान्याने. लॅबने दुरुस्तीनंतर दिलेले कोड ईसीयूमध्ये भरले. इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड म्हणजे त्याच्या मापातला बारीक फरक, तो ईसीयूला कळला नाही तर ते अंदाजाने डिझेल देत राहतं.

निकाल

गरम स्टार्टिंग लगेच सुटलं. घाटातून आणून, थांबवून, पुन्हा लावली तरी पहिल्या सेल्फला उठू लागली. टकटक गेली. दुसऱ्याचं करेक्शन बाकीच्यांच्या जवळ आलं.

धूर मात्र पूर्ण गेला नाही. सपाटीला दिसत नव्हता, घाटात दुसऱ्या गिअरला दाबली की मागे काळा ढग होताच. शोधल्यावर इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी होसला खालच्या बाजूने चीर सापडली. इंजिन बंद असताना ती मिटलेली असायची, टर्बोचा दाब आला की उघडायची. हवा बाहेर, डिझेल तेवढंच, म्हणून धूर. पिकअपची तक्रारही निम्मी तिथलीच. होस बदलल्यावर धूर आटोक्यात आला. आबांच्या वहीप्रमाणे अ‍ॅव्हरेज एकोणीसच्या आसपास स्थिरावलं. एकूण खर्च त्या जुन्या अंदाजपत्रकाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास बसला.

पुन्हा अशी गाडी आली तर

गरम अवस्थेतली रिटर्न चाचणी आता पहिली. थंड आकडे घ्यायचे, पण त्यांच्याशी तुलना करण्यापुरते. डमी नटाची चाचणीही पंपाचं नाव कोणी उच्चारण्याआधी. दोन्ही मिळून एका दुपारचं काम आहे आणि पार्ट एकही लागत नाही.

होसची तपासणी इंजेक्टर काढण्याआधी व्हायला हवी, यावर आमच्यात एकमत आहे. चारही काढायला हवे होते का, यावर नाही. धुराचं कारण आधी सापडलं असतं तर एक आणि चारला हात लावायचा आधार बराच कमी झाला असता आणि जाम इंजेक्टर तुटण्याचा धोकाही निम्म्यावर आला असता. उलट, दोन्ही मर्यादेत आहेत हे आज कागदावर आहे, ते नुसत्या रिटर्नवरून कळलं नसतं. गाडी आणखी जुनी, हेड आणखी गंजलेलं असतं तर मी दोनच काढले असते. या गाडीला चार काढणं पटण्यासारखं होतं.

बॅरलचं डिझेल आबांनी ट्रॅक्टरपुरतं ठेवलं आहे, गाडीत थेट पंपावरून भरतात. एक आणि चारच्या रिटर्नचे गरम आकडे जॉबकार्डावर लिहिले आहेत. त्याच डिझेलवर तेही तितकीच वर्षं चालले आहेत, म्हणून पुढच्या सर्व्हिसला पहिल्यांदा त्यांनाच नळ्या लागतील.